हप्ता, ठेव आणि डॉलर: दर कुठे ठरतो ते पाहून निर्णय घ्या

२०२५ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार वेळा उतरवला. फेब्रुवारीत ६.५० टक्क्यांवरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरवून ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. वर्षभरात सव्वा टक्का. ज्यांचे गृहकर्ज रेपोशी जोडलेले होते त्यांना दिलासा मिळाला. ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्तांना झळ बसली. पण त्याच वर्षात केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावरचा परतावा या सव्वा टक्क्याच्या निम्म्यानेही उतरला नाही. पीपीएफचा दर ७.१ टक्क्यांवरून हललाही नाही. आणि वर्षाच्या सुरुवातीला ८५-८६ रुपयांना मिळणारा डॉलर डिसेंबरमध्ये नव्वदीपार गेला.

व्याजदर ही एकच वस्तू आहे असे धरून चाललो, तर या वर्षाचा उलगडा होत नाही. तुमचा कर्जाचा हप्ता, बँकेतली ठेव, पोस्टातली बचत आणि मुलीच्या परदेशी शिक्षणाचे शुल्क यांचे दर वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. काही मुंबईत मिंट रोडवर रिझर्व्ह बँकेत, काही दिल्लीत अर्थमंत्रालयात आणि काही चक्क वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हमध्ये. आपला पैसा यांपैकी कुठल्या दाराशी बांधलेला आहे हे आधी ओळखायचे आणि मग निर्णय घ्यायचा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. पुढचा दर काय असेल याचे भाकीत करण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे, आणि सामान्य घराला त्याचा उपयोगही जास्त होतो.

दोन खुर्च्या

पैशाच्या किमतीवर दोन संस्था काम करतात. पतधोरण रिझर्व्ह बँकेकडे आहे. २०१६ पासून दराचा निर्णय सहा जणांची पतधोरण समिती घेते. त्यात तिघे रिझर्व्ह बँकेचे आणि तिघे सरकारने नेमलेले असतात, मते समसमान पडली तर गव्हर्नरचे निर्णायक मत असते. कायद्याने त्यांना दिलेले काम म्हणजे ग्राहक महागाई ४ टक्क्यांजवळ आणि २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवणे. त्यांचे मुख्य हत्यार रेपो, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्पकाळासाठी ज्या दराने पैसे मिळतात तो दर. दुसरीकडे राजकोषीय धोरण केंद्र सरकारकडे आहे. कर किती घ्यायचा, खर्च किती करायचा आणि दोन्हींतली तूट भरून काढायला कर्ज किती उचलायचे, हे तिथे ठरते.

या दोन्ही खुर्च्यांवर बसलेली माणसे आपल्या इतिहासात दोनच. एक मनमोहन सिंग आणि त्यांच्या आधी महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामा महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांनी या दोन्ही खुर्च्यांवरून काम केले, ही गोष्ट मात्र आपण फारशी काढत नाही. एका खुर्चीला खर्चासाठी स्वस्त पैसा हवा असतो आणि दुसरीला पैशाची किंमत टिकवायची असते. ही ओढाताण वाईट नाही. ती उघडपणे चालते तोवर सर्वांच्या भल्याची असते.

पूर्वी ती उघड नव्हती. सरकारची तिजोरी ठरावीक पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँकेला सरकारच्या हुंड्या घेऊन आपोआप पैसा पुरवावा लागे. म्हणजे तूट थेट नोटांनी भरली जाई. सी. रंगराजन गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद झाली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने, अपवादात्मक परिस्थिती सोडून, सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यास रिझर्व्ह बँकेला बंदी केली. तेव्हापासून सरकारला आपल्यासारखेच बाजारात जाऊन, जो भाव मिळेल त्या भावाने कर्ज घ्यावे लागते. आजच्या दीर्घ मुदतीच्या व्याजदराचे मूळ या बदलात आहे.

मुंबईत सोडलेले पाणी टेलला का पोहोचत नाही

कालव्याचे दार उघडले की हेडच्या शेताला पाणी लगेच मिळते. टेलच्या शेतकऱ्याला किती मिळेल हे वाटेत कोण किती उपसतो यावर ठरते. रेपोचे तसेच आहे. एका रात्रीच्या, तीन महिन्यांच्या उसनवारीवर त्याचा परिणाम तत्काळ होतो. पाच, दहा, तीस वर्षांच्या पैशाचा दर ठरताना वाटेत सगळ्यांत मोठा उपसा सरकारचा असतो.

२०२० साली हे अगदी स्वच्छ दिसले. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये रेपो ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणि मे महिन्यात ४ टक्क्यांवर आणला. त्याच मे महिन्यात केंद्राने वर्षभराच्या बाजारकर्जाचा आकडा ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटी रुपयांवर नेला. त्या वर्षाची राजकोषीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्के झाली. परिणाम असा की रेपो ४ टक्के असूनही दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ६ टक्क्यांच्या आसपासच अडून राहिला. तोही तेवढ्यावर राहावा म्हणून रिझर्व्ह बँकेला बाजारातून मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घ्यावे लागले. त्या वर्षी महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि ठेवींचे दर त्याखाली घसरले होते. व्याजावर जगणाऱ्या ज्येष्ठांनी त्या वर्षात आपली खरी क्रयशक्ती गमावली. स्वस्त कर्जाचे कौतुक करताना ही बाजू कुणी फारशी मांडली नाही, याची खंत वाटते.

तेव्हापासून तूट हळूहळू उतरली आहे. २०२१-२२ मध्ये ६.७, २०२३-२४ मध्ये ५.६, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४.४ टक्के. तरी त्या अर्थसंकल्पातले एकूण बाजारकर्ज १४.८२ लाख कोटी रुपये होते. व्याजापोटीची तरतूद १२.७६ लाख कोटी, म्हणजे ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. त्यावर राज्यांची कर्जे वेगळी. महाराष्ट्रही दरवर्षी स्वतःचे रोखे विकतो. विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी आणि बँका यांच्याकडची बचत मर्यादित असते. तिच्यावर इतके मोठे हक्कदार असताना दीर्घ मुदतीचा दर रेपोमागोमाग धावत उतरत नाही.

म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवशी, १ फेब्रुवारीला, प्राप्तिकराच्या टप्प्यांबरोबर आणखी दोन आकडे टिपून ठेवा: राजकोषीय तुटीची टक्केवारी आणि एकूण बाजारकर्जाची रक्कम. बाजाराच्या अंदाजापेक्षा कर्ज जास्त निघाले तर त्याच दुपारी दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा चढतो. सप्टेंबर आणि मार्चच्या अखेरीस पुढच्या सहामाहीचे कर्जाचे वेळापत्रक जाहीर होते, तेही पाहण्यासारखे असते. पतधोरणाची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते. महागाईचा आकडा महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. दरमहा एवढे पाहिले तरी पुरे. रोजच्या बाजारगप्पांमागे लागण्याची गरज नाही.

दोन्ही धोरणे महागाईच्या वाटेनेही एकमेकांना भेटतात. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो ०.४० टक्क्याने वाढवला. २१ मे रोजी केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि डिझेलवरचे ६ रुपयांनी घटवले. एकाने पैसा महाग केला, दुसऱ्याने इंधन स्वस्त केले, उद्देश एकच. इथपर्यंत ठीक. पण याच वाटेवर कांद्याच्या बाजाराचे लासलगावही आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार ४५.८६ टक्के होता. कांदा-टोमॅटो भडकले की महागाईचा आकडा उसळतो आणि व्याजदर उतरवता येत नाहीत. मग ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागते, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच येते. शहरातल्या कर्जदाराचा हप्ता आटोक्यात ठेवण्याची किंमत नाशिक जिल्ह्यातला कांदा उत्पादक मोजतो. महागाईवर लक्ष ठेवणे योग्यच आहे, पण तिचा भार कुणाच्या खांद्यावर टाकला जातो हेही मोजले गेले पाहिजे.

कर्ज: करारातली एक ओळ

आता घरच्या हिशेबाकडे. तुमच्या कर्जाच्या मंजुरीपत्रात दर कशाशी जोडला आहे ती ओळ शोधा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना वैयक्तिक आणि घरासाठीची नवी बदलत्या दराची कर्जे बाहेरच्या निकषाशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला आहे. असे कर्ज तीन महिन्यांच्या आत नव्या दरावर यावेच लागते. त्याआधीचे कर्ज बहुधा एमसीएलआरवर असते. तो दर बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावर बेतलेला असल्यामुळे सावकाश हलतो, आणि अनेक करारांत वर्षातून एकदाच बदलतो. गृहवित्त कंपनीचे कर्ज असेल तर तिथे कंपनीचा स्वतःचा आधारदर लागतो, रेपोशी जोडण्याचे बंधन तिला नाही. रेपो सव्वा टक्का उतरूनही तुमचा दर पाव टक्काच उतरला असेल, तर कारण बहुतेक या ओळीतच सापडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे रेपोवर बँक लावत असलेला फरक. नव्या ग्राहकाला बँक कमी फरकाने कर्ज देते आणि जुन्याचा फरक होता तसाच राहतो, हे सर्रास घडते. शाखेत जाऊन त्याच बँकेचा आजचा नव्या कर्जाचा दर विचारा. अर्ध्या टक्क्याचा फरक दिसला तर दर बदलून मागा. त्यासाठी थोडे शुल्क लागते, ते काही महिन्यांत भरून निघते. बँक ऐकत नसेल तर कर्ज दुसरीकडे नेता येते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च आधी विचारून घ्या.

दर उतरल्यावर हप्ता कमी करून घ्यावा की मुदत? माझे मत स्पष्ट आहे: घर चालवताना ओढ होत नसेल तर हप्ता तसाच ठेवा. ३० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत, दर ८.५ टक्के असेल तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. दर ७.५ झाला की तो २४,१६८ होतो. महिन्याला १,८६७ रुपये सुटतात. पण हप्ता २६,०३५ च ठेवला तर कर्ज २४० ऐवजी साधारण २०५ हप्त्यांत फिटते. जवळपास तीन वर्षे वाचतात आणि हप्ता कमी करण्याच्या पर्यायाच्या तुलनेत सुमारे पावणेपाच लाखांचे व्याज वाचते.

दर चढतात तेव्हा याच्या उलट होते, आणि तिथे अधिक सावध राहावे लागते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. बहुतेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. कर्जदाराला काही कळले नाही, कारण खात्यातून तेवढीच रक्कम जात होती. हिशेब करून पाहा. ६.७५ टक्के दराने २० वर्षांसाठी ३० लाख घेतले तर हप्ता सुमारे २२,८११ रुपये. त्यात अडीच टक्के भर पडून दर ९.२५ झाला की ३० लाखांवरचे एका महिन्याचे नुसते व्याज २३,१२५ रुपये होते. नुकत्याच घेतलेल्या कर्जात मुद्दल फारसे फिटलेले नसते, त्यामुळे हप्ता जेमतेम व्याज भरतो किंवा तेवढेही भरत नाही, आणि कर्ज जागच्या जागी राहते. अशा तक्रारी वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा काही रक्कम आधी भरणे हे पर्याय दिलेच पाहिजेत. ते तुमच्यापुढे मांडले गेले नसतील तर लेखी मागा. आणि वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा काढून उरलेले हप्ते किती ते पाहा.

ठेव आणि पोस्ट

ठेवीदाराने तीन दर वेगळे ठेवावेत. बँकेच्या मुदत ठेवीचा दर रेपोमागे जातो, पण किती हे त्या बँकेला ठेवींची निकड किती आहे यावर ठरते. कर्जाला मागणी जोरात आणि ठेवी अपुऱ्या असतील तर रेपो उतरूनही बँक ठेवीचा दर टिकवून ठेवते. पोस्टातल्या अल्पबचतीचे दर अर्थमंत्रालय दर तिमाहीला जाहीर करते. सरकारी रोख्यांच्या परताव्यावर आधारलेले सूत्र त्यासाठी आहे, पण शेवटचा शब्द सरकारचा. पीपीएफचा ७.१ टक्के दर एप्रिल २०२० पासून २०२५ अखेरपर्यंत तसाच राहिला. मधल्या काळात रेपो ४ वर उतरला, साडेसहावर चढला आणि पुन्हा ५.२५ वर आला. ३१ मार्च २०२१ च्या रात्री सरकारने अल्पबचतीचे दर घटवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आदेश मागे घेतला, हे अनेकांना आठवत असेल. हा दर राजकीय आहे हे ओळखूनच त्यावर विसंबावे.

यात एक बारकावा उपयोगी पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र यांत पैसे भरल्या दिवशीचा दर पाच वर्षांसाठी पक्का होतो. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धी यांत दर बदलला की सगळ्या शिलकीला नवा दर लागतो. म्हणून दर उतरणीला लागले आहेत असे दिसले तर पहिल्या दोन योजनांना आणि लांब मुदतीच्या ठेवींना प्राधान्य द्यावे. दर तळाला आहेत असे वाटत असताना मात्र सगळी पुंजी पाच वर्षांसाठी अडकवू नये. तळ नेमका कुठे हे कुणालाच आधी कळत नाही, तेव्हा रक्कम एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या ठेवींत विभागावी. दरवर्षी एक ठेव मोकळी होते आणि त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवता येते.

तिसरा दर सरकारी रोख्यांचा. ते आता सामान्य माणसालाही थेट घेता येतात. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. मुदतीपर्यंत ठेवणार असाल तर मुद्दल आणि व्याज सुरक्षित. मधेच विकायचे असेल तर जोखीम आहे: १०० रुपयांना घेतलेला, ७ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा बाजारातला परतावा ८ टक्क्यांवर गेल्यास सुमारे ९३ रुपयांनाच जातो. लांब मुदतीच्या रोखे फंडांतली चढउतारही यातूनच येते. ‘सरकारी’ एवढा एकच शब्द पाहून वर्षा-दोन वर्षांनी लागणारा पैसा तिथे घालू नये.

रुपया

रुपयाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत सोपी विधाने केली जातात. व्याजदर वाढवला की चलन मजबूत होते हे त्यांतले एक. पुष्कळदा ते खरे असते, कारण जास्त व्याज मिळते तिकडे जगातला पैसा वळतो. म्हणून रुपयासाठी आपल्या रेपोइतकाच अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा दर महत्त्वाचा. मार्च २०२२ मध्ये शून्यालगत असलेला तो दर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात गेला. आपणही दर वाढवत होतो, पण दोन देशांतले अंतर चार टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. रुपया ७४-७५ वरून ८२-८३ वर उतरला.

२०१३ चा अनुभव याहून तीव्र होता. २२ मे २०१३ रोजी फेडचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले. आपली चालू खात्यातली तूट आधीच्या वर्षी जीडीपीच्या ४.८ टक्के झाली होती, म्हणजे बाहेरच्या पैशावर आपण फारच विसंबून होतो. मेमध्ये ५५-५६ रुपयांचा डॉलर २८ ऑगस्टला ६८.८ पर्यंत गेला. जुलैत रिझर्व्ह बँकेने रेपोला हात लावला नाही, तो ७.२५ वरच ठेवला. पण बँकांना निकडीच्या वेळी ज्या दराने उसने मिळते तो दर दोन टक्क्यांनी चढवून १०.२५ वर नेला आणि रेपोने मिळणारा पैसा मोजका केला. कागदावर रेपो स्थिर आणि प्रत्यक्षात पैसा दोन-तीन टक्क्यांनी महाग, असे ते दिवस होते. रघुराम राजन ४ सप्टेंबरला गव्हर्नर झाले आणि अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवी आणण्यासाठी बँकांना सवलतीची सोय दिली. तीतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले आणि रुपया सावरला.

राजकोषीय धोरण चलनावर दोन उलट दिशांनी ओढते. सरकारने जास्त कर्ज काढले की व्याज चढते आणि व्याजाच्या ओढीने परकीय पैसा येऊ शकतो. पण सरकारला हा खर्च पेलवणार नाही असे सावकारांना वाटले तर उलटेच होते. ब्रिटनने २३ सप्टेंबर २०२२ रोजी हे जगाला दाखवले. अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी पैशाची सोय न सांगता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. व्याजदर उसळले आणि तरीही पौंड २६ तारखेला १.०३ डॉलरच्या आसपास, आजवरच्या नीचांकाला गेला. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घेण्यासाठी उतरावे लागले. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले आणि २० तारखेला पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. तुर्कस्तानने उलट्या बाजूने तोच धडा दिला. महागाई चढत असताना २०२१ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये त्यांनी दर १९ वरून १४ टक्क्यांवर आणला. लिरा कोसळला, ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांवर गेली आणि मार्च २०२४ पर्यंत दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

आपली रिझर्व्ह बँक रुपया एका आकड्यावर धरून ठेवत नाही, त्याची घसरण सावकाश व्हावी यासाठी डॉलर विकते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ६४२ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या जवळ आली. काही घट विक्रीमुळे, काही युरो-येन घसरल्याने मूल्यांकनात झाली. डॉलर विकला की बदल्यात बाजारातले रुपये रिझर्व्ह बँकेकडे जातात, बँकांकडचा पैसा आटतो आणि व्याजदर चढायला लागतात. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये रेपो उतरवतानाच रिझर्व्ह बँकेने १ लाख कोटी रुपयांचे सरकारी रोखे विकत घेण्याचेही जाहीर केले. परकीय भांडवलाला मोकळे दार, एका जागी स्थिर रुपया आणि मर्जीप्रमाणे व्याजदर या तिन्ही गोष्टी कोणत्याच देशाला एकदम साधत नाहीत. आपण तिन्ही थोड्या थोड्या राखतो, आणि माझ्या मते आपल्यासारख्या देशाला हेच शहाणपणाचे आहे.

ज्यांचा हिशेब परकीय चलनात आहे

मुलांना परदेशी पाठवणाऱ्यांनी शुल्काचा अंदाज आजच्या भावाने बांधू नये. वर्षाला ४०,००० डॉलर लागत असतील तर ८३ च्या भावाने ३३ लाख २० हजार आणि ९० च्या भावाने ३६ लाख होतात. दोन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी तीन-चार टक्के घसरण धरूनच शैक्षणिक कर्जाची मर्यादा मागा. आणि सगळे डॉलर एका दिवशी घेऊ नका, सत्रागणिक टप्प्यांनी घ्या. स्वस्तातला दिवस साधण्याच्या नादात शेवटच्या तारखेला मिळेल त्या भावाने घेण्याची वेळ येते.

द्राक्ष, आंबा किंवा हळद निर्यात करणाऱ्या शेतकरी कंपन्यांना रुपयाची घसरण फायद्याची वाटते. ती तशी आहेही, पण पूर्ण नाही, कारण खोका, आयात केलेली औषधे, जहाजभाडे यांचे पैसेही डॉलरशी बांधलेले असतात. शिवाय नाशिकची द्राक्षे युरोपात जातात तेव्हा पैसे बहुधा युरोत येतात, आणि युरो-रुपया हा डॉलर-रुपयाप्रमाणेच वागेल असे नसते. सौदा झाल्या दिवशी बँकेकडे वायदा करार करून पुढच्या तारखेचा भाव पक्का करता येतो. त्या भावाकडे भविष्यवाणी म्हणून पाहू नका. रुपयाचा व्याजदर साडेसहा आणि डॉलरचा चार टक्के असेल तर ९० रुपयांचा डॉलर वर्षभरानंतरच्या वायद्यात सुमारे ९२.१५ ला दिसतो. तो केवळ दोन व्याजदरांतला फरक असतो. निर्यातदाराला हा फरक मिळतो, आयातदाराला द्यावा लागतो. अपेक्षित रकमेचा निम्मा भाग असा बांधून घेतला तरी हंगामाचा खर्च निर्धास्त होतो.

कोकणातले आणि गोव्यातले खलाशी डॉलरमध्ये कमावतात. आखातातल्यांची कमाई दिरहम-रियालमध्ये असते, आणि ही चलने डॉलरला पक्की बांधलेली आहेत, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम आणि ३.७५ सौदी रियाल. म्हणजे त्यांच्या घरी येणाऱ्या रुपयांवरही फेडच्या दराचाच पगडा आहे. अशा कुटुंबांपुढे नेहमी एक प्रश्न असतो: पैसे अनिवासीच्या रुपया खात्यात ठेवावेत की परकीय चलनातल्या ठेवीत? रुपया खात्यात व्याज बहुधा जास्त मिळते, पण रुपया घसरला तर डॉलरच्या हिशेबात ते जास्तीचे व्याज गळून जाते. परकीय चलनातली ठेव एक ते पाच वर्षांची असते आणि मुद्दल त्याच चलनात परत मिळते. तेव्हा तो पैसा पुढे कुठे खर्च होणार हे आधी ठरवा. गावी घर बांधायचे असेल, आईवडिलांचे औषधपाणी भागवायचे असेल तर रुपया खाते बरे. परदेशात घर घ्यायचे असेल किंवा मुलांचे शिक्षण तिकडेच व्हायचे असेल तर परकीय चलनातली ठेव घ्या, आणि तिच्या व्याजाची तुलना इथल्या ठेवीशी न करता त्याच चलनातल्या परदेशी ठेवीशी करा.